दुसऱ्याचा 'मी'

दुभाष्याला स्वतःचा 'मी' नसतो,
हा आमच्या धंद्याचा पहिला धडा.
समोरचा म्हणाला, "मी थकलो,"
तर बाईनेही म्हणायचं, "मी थकलो",
ओकारासकट.
वीस वर्षं पुरुषांची क्रियापदं
चुलत्याच्या कोटासारखी अंगावर घालून हिंडले.
बाह्या लांब,
खिशात दुसऱ्याचे सुटे पैसे.

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला की
पूर्वी चढाच्या गल्ल्यांतून दोर बांधत,
माणसं उडू नयेत म्हणून.
गेर्नोट आला त्या संध्याकाळी दोर नव्हते.
मी त्याची बाही धरली.

व्हिएन्नाच्या कंपनीचा वकील.
कोसुतांची कॉफीची पेढी घ्यायला आलेला.
चार पिढ्यांची पेढी, सात गोदामं,
आठवं तीन वर्षांपूर्वी जळालेलं,
आत पहारेकरी स्तांको.
"या शहरात पहिल्यांदाच येतोय.
इटालियन एक अक्षर येत नाही," तो म्हणाला,
आणि बारवर कोपर टेकून, फळ्याकडे न बघता
बोट वर करून मागवली
'कापो इन बी'.

काचेच्या पेल्यातल्या, दुधाचा थेंब घातलेल्या कॉफीला
असं फक्त इथलीच माणसं म्हणतात.
पाहुणे कापुचिनो मागतात.
मला कळलं नाही असं नाही.
पण कळलेलं सगळं बोलायचं नसतं,
हा धंद्याचा दुसरा धडा,
तो मी प्रेमाला लावला.

नोव्हेंबर, डिसेंबर.
माझ्या खिडकीत वाळणारे त्याचे मोजे.
तो संत्रं सोलायचा, साल एकदाही न तोडता,
आणि ती लांबलचक साल
माझ्या मनगटावर गुंडाळायचा.
तारुण्यात कुणी असं काही केलं नव्हतं.
हसू नका.

जानेवारीत एका रात्री, न्हाणीघरात, नळ सोडून
तो फोनवर बोलत होता.
नळाखालचं बोलणं ऐकणं
यावरच तर माझं पोट चालतं.
"आठवं जळालं म्हणूनच भाव उतरला ना?
पहारेकऱ्याचं मात्र ठरलेलं नव्हतं."
मग नळ बंद.
मग दात घासल्याचा आवाज, बराच वेळ.
मी भिंतीकडे तोंड केलं
आणि झोपलेल्या बाईसारखा श्वास घेत राहिले.
तेही एक भाषांतरच.

सोमवारी सह्या.
लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, नोटरीबाई,
म्हातारे फुल्विओ कोसुता, गुडघ्यावर टोपी,
आणि इतिवृत्त लिहायला सिल्वानो,
ज्याने स्तांकोच्या प्रेताची ओळख पटवली होती.
बुटांवरून.

गेर्नोट म्हणाला, "आम्हाला या पेढीबद्दल आदर आहे."
मी आदर पोचवला.
तो थांबला.
मी थांबले नाही.

"मी या शहरात पूर्वी आलो होतो.
मी मुकादमाला पैसे दिले.
आठवं गोदाम पेटलं तेव्हा मी समोरच्या बारमध्ये बसलो होतो,
काचेच्या पेल्यातून कॉफी पीत."

आवाज सपाट. त्याचीच लय,
त्याचाच स्वल्पविरामाआधीचा खोकला.
कॉफीची जागा माझी कल्पना होती.
बाकीचं त्याचं.

त्याला इटालियन येत नव्हतं,
निदान करारात तसं होतं.
तरी 'मुकादमाला' या शब्दावरच
त्याचा चेहरा उतरला,
वाक्य पुरं व्हायच्या आधी.
नोटरीबाईंनी ते पाहिलं.
पेनाला टोपण लावलं.

कोसुता काही बोलले नाहीत.
टोपी फक्त फिरवत राहिले, काठ चाचपत.
खिडक्या थडथडत होत्या.
उठून जायला हवं होतं मी.
पण तोंड अजून उघडंच होतं,
आणि त्यातून आणखी एक वाक्य आलं:

"आणि मी चुकले."

सिल्वानोची बोटं थबकली.
चष्म्यावरून बघत, हळूच, चूक दाखवावी तसं विचारलं,
"बाई, चुकलो की चुकले?"

गेर्नोट माझ्याकडे बघत होता.
मनगटावर, जिथे संत्र्याची साल असायची, तिथे.

"एकार लिहा," मी म्हणाले.